पोटातलं इंजिन, पाण्यातला पाय

११ फेब्रुवारी

ही वही फक्त माझी. इंजिनाची वही वेगळी, ती शेडमध्ये खिळ्याला टांगलेली असते आणि कुणीही येता-जाता चाळतं. हल्ली जावईही चाळतो. त्याच्याबद्दल मला जे वाटतं ते तेल बदलल्याच्या नोंदीखाली लिहिण्यासारखं नाही, म्हणून ही दुसरी आणली.

आज दोघं पुन्हा जेवायला. आठवड्यातली चौथी वेळ. धक्क्याच्या पलीकडे त्याचं आउटबोर्ड इंजिनांचं दुकान आहे, दुकानावर दोन खोल्या आहेत, तिथे गॅस आहे, भांडी आहेत. तरी माझ्या लेकीला घेऊन तो इथेच येतो आणि बायको त्याला आग्रह करकरून वाढते. मला भाजी उरली की नाही हे पातेल्यात डोकावून मीच बघायचं.

जेवण अर्ध्यावर आल्यावर लेकीने विषय काढला. "बाबा, बारा एप्रिलला बंदराची तपासणी आहे. आपल्या बोटीचं इंजिन पास झालं तर मी पुन्हा एक शब्द काढणार नाही. नाही झालं, तर ते काढायचं, मागचं भोक बुजवायचं आणि दोन आउटबोर्ड लावायचे."

हे वाक्य तिचं नाही. तिला बोलायला मी शिकवलंय, कुठलं वाक्य कुणाचं ते मला कळतं.

"खाऱ्या पाण्यात असलं इंजिन म्हणजे रोजचं दुखणं आहे, बाबा," वाक्याचा खरा मालक बोलला. "आउटबोर्ड संध्याकाळी उचलून ठेवला की पाण्याबाहेर. तुमच्या बोटीचा पाय चोवीस तास पाण्यातच."

"तुमचाही पाय चोवीस तास आमच्याच घरात असतो की, जावईबापू," मी म्हणालो. बायकोने डाव आपटला. तो हसला. त्याला राग येत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा दोष आहे.

गेली अकरा वर्षं मी ही बोट सांभाळतोय. दीपगृहाच्या बेटावर माणसं न्यायची-आणायची, सुट्टीला गळ टाकणारे हौशी लोक न्यायचे. इंजिन बोटीच्या पोटात, झाकणाखाली. मागच्या फळीला भोक, भोकातून दांडा, दांड्याच्या टोकाला बाहेर पाण्यात पाय आणि पायाला पंखा. मागची बाजू मोकळी, माणसं पाय पसरून बसतात, बोलणं ऐकू येतं. आउटबोर्ड म्हणजे अख्खं इंजिन मागच्या फळीला बाहेरून लटकवलेलं. शेपूट. बोटीला शेपूट लावून फिरायची मला लाज वाटते.

सुकाणू गेल्या वर्षापासून लेकीकडे आहे. माझ्या परवान्याचं नूतनीकरण राहिलंय, बंदरवाल्यांना डोळ्यांचा दाखला हवाय. डोळे माझ्याच डोक्यात आहेत, दाखला कशाला हवा? पण असो. बोटीवर माझी जागा इंजिनापाशी. इंजिन गेलं की मीही गेलो. शेपटीपाशी कुणाला बसवत नाहीत.

१५ फेब्रुवारी

बोट उतारावर ओढून घेतली. दोन दिवस तळ खरवडतोय. शिंपले इतके चिकटलेले की हाताची सालं निघाली.

पायाचं रंगकाम आजवर म्हातारा रंगारी करायचा. तो मुलाकडे राहायला गेला. मी इंजिनाचा माणूस, ब्रश कधी हातात धरला नाही, पण रंग लावायला काय पदवी लागते? लेक म्हणाली, "त्याला सांगू का? दुकानात पायाचा वेगळा रंग असतो, काळा." तो रंग आता फक्त जावयाच्याच दुकानात मिळतो. जुना दुकानदार होता तेव्हा बरं होतं. जावयाच्या दुकानाची पायरी चढून मी "द्या हो एक डबा" म्हणणार? त्यापेक्षा पाय उघडा ठेवीन.

तळाला लावलेल्या तांबड्या रंगाचा अर्धा डबा उरला होता. तोच पायाला दिला. तळाला शिंपले बसू नयेत म्हणून जो रंग चालतो तो पायाला का चालू नये? डब्यावर काहीबाही सूचना आहेत, पण हल्ली मुंगीच्या पायाएवढी अक्षरं छापायची पद्धत आहे, आणि शेडमधला बल्बही मेल्यासारखा जळतो. कोपरे हाताने चाचपून चाचपून रंगवले. पायाला जस्ताचे दोन ठोकळे असतात, दर वर्षी ते कुजक्या दातासारखे दिसतात. त्यांनाही दोन हात दिले. सगळं एकसारखं तांबडं झालं. दुरून बघितलं, झकास दिसत होतं.

१७ फेब्रुवारी

जावई शेडच्या दारात उभा. आत येत नाही, उंबऱ्यावरून विचारतो. तेही एक नाटक.

"पायाला कुठला रंग लावलात, बाबा?"

"नेहमीचा."

"आणि जस्त बदललंत ना? ते झिजायलाच लावलेलं असतं. समुद्राने त्याला खाल्लं की पाय वाचतो."

"बदललं."

नवीन जस्तही त्याच्याच दुकानात मिळतं, हे त्याला ठाऊक आहे. मी ते घेतलेलं नाही, हेही ठाऊक असणार. तरी मान डोलावून गेला. खोटं बोलणाऱ्याला खोटारडा न म्हणता निघून जायचं ही कुठली रीत? माझ्या डोक्यात तिडीक गेली.

बोट दुपारी पाण्यात सोडली.

२ मार्च

आज जावयाला रंगेहाथ पकडलं!

शेवटची फेरी आटोपून मी घरी निघालो, अर्ध्या वाटेत आठवलं की जेवणाचा डबा बोटीवरच राहिला. परत येऊन बघतो तर हा आमच्या बोटीवर वाकलेला, हातात गोड्या पाण्याचा पाइप, पायाच्या दोन्ही बाजूंच्या पाणी ओढायच्या भोकांना रबरी वाट्या लावलेल्या आणि माझं इंजिन चालू. झाकण उघडून आतल्या नळ्यांवरही हात फिरवत होता.

"हे काय चाललंय?"

"खारं पाणी धुऊन काढतोय, बाबा. आत साचलं की मीठ धरतं, गंज आतून खातो. बाहेरून काहीच दिसत नाही. आणि मागच्या भोकापाशी पाणी अडवणारा रबरी भाता आहे ना, त्याचा पट्टा बघत होतो. तो निसटला की समुद्र सरळ आत."

"रोज करता?"

त्याने खाली बघत झाकण लावलं. म्हणजे रोज करतो. माझी पाठ वळली की हा माझ्या इंजिनाला आंघोळ घालतो! मी दर रविवारी धुतो आणि अकरा वर्षं तेवढं पुरलंय. गेल्या वर्षभरात इंजिनाने एकदाही कुरकुर केली नाही, ते माझ्या हातामुळे. आणि तपासणीत पास झालं तर हा गावभर सांगत सुटेल की धुतलं मी. पाइप मी स्वतः ओढून काढला.

लेकीला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, "बाबा, पाइप तर मीच आणून दिला." घरात माझ्या बाजूचं कुणी उरलेलं नाही.

१० मार्च

रविवार. धुवायला गेलो. पाण्याच्या रेषेवर पायाचा जेवढा भाग दिसतो तिथे रंगाला फोड आलेत. फोड खरवडला तर खाली पांढरी भुकटी, चुन्यासारखी. अंगठा घासून बघितला, धातूला खड्डे लागतात हाताला.

अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. यंदाच झालं. यंदा नवीन काय आहे? एकच गोष्ट नवीन आहे, माझ्या बोटीपाशी रोज संध्याकाळी जाणारा माणूस. त्याच्या दुकानात नळ्या साफ करायचं अॅसिड बाटल्यांनी भरलेलं असतं, मी पाहिलंय. तपासणीला महिना उरलाय. इंजिन नापास झालं तर दोन आउटबोर्ड कुणाच्या दुकानातून जाणार? हिशेब करायला काही हुशारी लागत नाही.

भुकटी कागदाच्या पुडीत बांधून ठेवली.

१३ मार्च

पुडी जेवणाच्या टेबलावर उघडली.

"हे काय आहे, जावईबापू?"

त्याने चिमूट घेतली, बोटांत चोळली. त्याचा चेहरा उतरला. चोर सापडला की असाच उतरतो.

"पायाची आहे का? बाबा, बोट उद्याच्या उद्या वर घेऊ या. दोन दिवस फेऱ्या बंद ठेवू. मला नीट बघू द्या."

"तुमच्या दुकानातल्या अॅसिडने अशीच भुकटी होते, नाही का?"

बायकोचा हात ताटावरच थांबला. लेक खुर्ची सरकवून उभी राहिली. "बाबा, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते माझ्यासाठी नव्हतं.

तो मात्र बसूनच. "तुम्हाला माझा राग आहे तर मी बघत नाही. दुसऱ्या कुणालाही बघू द्या. पण बघू द्या."

"माझं इंजिन बघायला मी मेलेलो नाही," मी म्हणालो.

जेवण कुणी पुरं केलं नाही. बायको मागचं आवरताना एवढंच म्हणाली, "अहो, हे चांगलं नाही केलंत." मीही तिला सांगितलं की चांगलं-वाईट ठरवायला बारा एप्रिल येतोय.

१४ मार्च

इंजिनाच्या झाकणाला कडी बसवली, कडीला कुलूप घातलं. पितळेचं, खाऱ्या हवेत गंजायचं नाही. किल्ली एकच, ती माझ्या खिशात.

लेक सुकाणूपाशी उभी राहून बघत होती. "आणि फेरीत काही झालं तर?"

"मी असतोच की बोटीवर."

"असता," ती म्हणाली आणि दोर सोडायला गेली.

२१ मार्च

आठवडा शांततेत गेला. दोघं जेवायला येत नाहीत. बायको माझ्याशी मोजून बोलते. मला काही फरक पडत नाही.

इंजिन झकास. तळातलं पाणी उपसायचा पंप मात्र हल्ली सारखा चालू होतो. असो, त्यासाठीच तर ठेवलाय. तापमानाच्या काट्याची काच आतून धुरकट झालीय, काटा नीट दिसत नाही. लेक म्हणते काच स्वच्छ आहे. नवऱ्याची री ओढायची सवयच लागलीय तिला.

२७ मार्च

बायकोने परस्पर डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली. परवा सकाळी नऊला. दाखला मिळाला तर परवाना मिळेल, परवाना मिळाला तर सुकाणूही परत मिळेल, मग बघू कोण कुणाला अटी घालतं. म्हणून हो म्हटलं. लेकीला खरं सांगितलं नाही, नाहीतर जावयाला कळणार आणि तो काळजीचा चेहरा करून चौकशी करणार. अंग मोडून आलंय असं सांगेन. एक दिवस मी नसलो म्हणून काही बिघडत नाही.

३० मार्च

कालचं आज लिहितोय.

डॉक्टरने डोळ्यांत थेंब घातले, सगळं जग दुधात बुडवल्यासारखं झालं. दोन्ही डोळ्यांना जाड भिंगं लागणार म्हणाला. "आजवर कसं चालवलंत?" असंही विचारलं. आगाऊ माणूस. बायकोचा हात धरून धक्क्यापर्यंत आलो तर डिझेलचा पंपवाला धावत आला.

"कुठे होता? तुमच्या बोटीत पाणी शिरतंय! खाडीच्या मुखाशी आहे. लेक वायरलेसवर ओरडतेय, झाकण उघडत नाही म्हणून!"

मी खिशावर हात ठेवला. किल्ली होती. ती तिथेच असणार होती, दुसरी कुठे असणार?

जावई त्याच्या छोट्या होडीत उतरलेला होता, इंजिन चालू. मला बघून ओरडला, "किल्ली!" मी ती फेकली असती तर पाण्यात गेली असती, मला त्याचे हातच दिसत नव्हते. तो वर आला, माझ्या काखेत हात घालून मला पोत्यासारखं उचललं आणि होडीत ठेवलं. असा माझ्या अंगाला हात लावायची हिंमत कुणी केली नव्हती. होडी उधळली. त्या शेपटीच्या आवाजात मला माझाच श्वास ऐकू येत नव्हता. वाटेत मी म्हणालो, "भाताच असणार." त्याने ऐकलं नसावं.

बोट मागच्या बाजूने पाण्यात बसलेली होती. दीपगृहाची चार माणसं आणि तीन गळवाले बादल्यांनी पाणी उपसत होते. झाकण फुटलेलं होतं. लेकीने नांगराने घाव घालून घालून कडी उखडली होती, आणि उजवा हात रुमालात गुंडाळलेला, रुमाल लाल. किल्ली माझ्या मुठीत तशीच राहिली.

जावई सरळ आत उतरला, छातीपर्यंत पाण्यात. अंगातलं जाकीट काढून कुठेतरी कोंबलं, वरून फळी दाबली आणि पाठ टेकवून तिथेच उभा राहिला. पंपवाला मोठी बोट घेऊन येईपर्यंत तसाच. लेक सुकाणू धरून त्याच्याशी बोलत होती, "दुखतंय का? सोडू नकोस हं." माझ्याकडे तिने एकदाच पाहिलं. मला तिचा चेहरा दिसला नाही, थेंबांमुळे.

सगळे सुखरूप आले. हाताला सहा टाके पडले. मी उगाच घाबरणारा नाही, पण रात्री मी अंथरुणाला पाठ टेकली नाही. तिला काही झालं असतं तर. हे वाक्य मी पुढे लिहिणार नाही.

१ एप्रिल

बोट उतारावर आहे. भात्याचा पट्टा ज्या कडेवर बसतो ती कडच खाल्ली गेलीय. धातू बिस्किटासारखा हातात येतो. पट्ट्याला धरायला जागाच उरली नाही, भाता निसटला, पाणी आत. जस्ताचे ठोकळे मात्र रंगाखाली जसेच्या तसे. त्यांना समुद्राने तोंडही लावलं नाही.

जावई पायापाशी बराच वेळ उकिडवा बसला होता. नखाने तांबडा रंग खरवडला, जस्त बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "भाता जुना झाला होता, बाबा. होतं असं." मला वाटलं, चला, भात्यावर आलं प्रकरण. अॅसिडचा विषय मीही काढला नाही.

संध्याकाळी चष्मा मिळाला. जड आहे, नाकावर बसत नाही. पण दिसतं. इतकं दिसतं की बायको किती थकलीय तेही दिसलं. शेडमध्ये गेलो. तांबड्या रंगाचा रिकामा डबा लेकीने धुऊन खिडकीत ठेवलाय, छापलेली बाजू पुढे करून. कशाला ठेवला कोण जाणे. वाचला.

चौथ्या ओळीत लिहिलंय. रंगात तांबं आहे. अॅल्युमिनियमच्या भागांना लावू नये, खाऱ्या पाण्यात धातू झपाट्याने खाल्ला जातो. जस्तावर कोणताही रंग लावू नये.

तीनदा वाचलं. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी नाहीत. चांगली मोठी आहेत.

म्हणजे मीच. अॅसिड नाही, जावई नाही, मी. त्या सात माणसांच्या आणि माझ्या पोरीच्या बुडाखाली मी भोक पाडलं आणि वर कुलूप घातलं. हे इथे लिहितो, कारण ही वही कुणी वाचत नाही. डबा होता तिथेच, होता तसाच ठेवला.

३ एप्रिल

अपघात झाला म्हणून तपासणी आधीच आली. बंदराच्या निरीक्षक बाई, हातात पाटी, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. पायाभोवती एक चक्कर मारली आणि थांबल्या.

"हा रंग कुणी लावला?"

शेडमध्ये आम्ही चौघं. बाई, लेक, जावई आणि मी. लेक खिडकीपाशी, हात गळ्यात बांधलेला. मी घसा साफ केला. खरंच केला. सांगणारच होतो, शब्द ओठांवर होते.

"मी लावला," जावई म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही? तुमचं तर दुकानच यातलं. एवढंही कळू नये?"

"चुकलं."

"चुकलं म्हणून भागतं का? बोटीत माणसं होती." त्यांनी लिहून घेतलं. प्रवासी बोटींच्या देखभालीवर सहा महिने त्याची सही चालणार नाही. तो मान खाली घालून उभा. मला आधी हायसं वाटलं. नंतर संताप आला. याला कुणी सांगितलं होतं माझ्यावर उपकार करायला? माझी चूक माझी होती, तीही याने उचलून नेली. इंजिन नेलं, लेक नेली, आता ही पण. आता मध्येच बोलावं तर बाईंसमोर तो खोटा ठरतो, न बोलावं तर मी. म्हणून मूग गिळून बसलो. त्याने स्वतः होऊन सांगितलं, मी कुणावर आळ घेतला नाही. निदान आज तरी.

बाईंनी पोटातलं इंजिन नापास केलं. दोन आउटबोर्ड लावून नवीन अर्ज द्या म्हणाल्या, आणि पंपवाल्याकडे चहा घ्यायला गेल्या. त्यांच्याबरोबर तोही गेला. शेडमध्ये लेक आणि मी.

ती बराच वेळ माझ्या चष्म्याकडे बघत होती. "आता नीट दिसतं ना, बाबा?"

"दिसतं."

"सगळं?"

"सगळं."

"मग तुम्हाला काही सांगायचंय का?"

"मी काय सांगणार? जावयांनी सांगितलं की."

"हो, त्याने सांगितलं." तिने खिडकीकडे बघितलं, परत माझ्याकडे. "मी तुम्हाला विचारतेय. बाहेर कुणाला कळणार नाही. फक्त मला सांगा."

सोपं होतं. दोन शब्द होते, तेही त्याने आयते तयार करून दिलेले. पण त्याने जे मान खाली घालून म्हटलं तेच मी त्याच्या मागून म्हणायचं? त्याच्या शब्दांवर सही केल्यासारखं?

"सांगण्यासारखं काही नाही," मी म्हणालो.

तिने मान डोलावली, अगदी त्याच्यासारखी. मग पिशवीतून घडी घातलेला कागद काढला, फळीवर पसरला आणि डाव्या हाताने, वेडीवाकडी, एक रेघ मारली. कागद तिथेच ठेवून बाहेर गेली. घाईत नव्हती. मी वाचावा म्हणूनच ठेवला असणार.

बोटीचा नवीन अर्ज. इंजिन: दोन, आउटबोर्ड. चालक: ती. मदतनीस: आणि पुढे माझं नाव. पुरं नाव, वडिलांच्या नावासकट, आणि त्यावरून आत्ताची ती वेडीवाकडी रेघ. नावाचं अक्षर वळणदार होतं, उजव्या हाताचं. म्हणजे हात कापला जायच्या आधी लिहिलेलं. मी तिच्या नवऱ्याला चोर ठरवलं होतं आणि तिच्या डोळ्यांदेखत झाकणाला कुलूप घातलं होतं, कदाचित त्याच दिवसांतलं.

म्हणजे इंजिन जायचं ठरलं होतं, मी नाही.

अर्ज घरी आणलाय. बायकोला दाखवला नाही. मघापासून तीन वेळा चपला घातल्या आणि काढल्या. धक्क्याच्या पलीकडे दुकानाच्या वर दिवा दिसतोय, या चष्म्यातून खिडकीतली माणसंही ओळखू येतात. दोघं जेवायला बसलेत. तिला डाव्या हाताने जमत नाही, तो भरवतोय.